राहिलेला पेपर

माझा नवरा अवधूत वाईट माणूस नाही, पण एकदा मदत करायला लागला की त्याला आवरणं कठीण. गेल्या एप्रिलमध्ये त्याने मला मदत करायला घेतली आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटायला लागली.

झालं असं. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या एका प्रीस्कूलमध्ये मी बारा वर्षं मदतनीस आहे. मुलांची नाकं पुसायची, जॅकेटच्या चेन लावून द्यायच्या आणि माझ्या निम्म्या वयाच्या टीचरने गाणं भलत्याच सुरात म्हटलं तरी टाळ्या वाजवायच्या. यंदा आमच्या डायरेक्टरबाई मिसेस डॉयल म्हणाल्या, सप्टेंबरपासून चार वर्षांच्या मुलांचा वर्ग तुझा. अट एकच, जूनच्या आत बालशिक्षणातली कॉलेजची डिग्री हातात हवी. कम्युनिटी कॉलेजचे संध्याकाळचे क्लास करकरून मी ती डिग्री संपवत आणलीच होती. राहिलं होतं फक्त गणित, तीन क्रेडिटचं. त्यासाठी एक तर पूर्ण सेमिस्टर बसायचं, नाहीतर टेस्टिंग सेंटरला जाऊन दीड तासाची एक परीक्षा द्यायची. पास झालं की क्रेडिट मिळालं. नापास झालं तर तीन महिने पुन्हा बसता येत नाही, म्हणजे वर्ग दुसऱ्या कुणाला गेलाच.

मी परीक्षा द्यायचं ठरवलं. जेवताना अवधूतला सांगितलं.

"परीक्षा कशाला, यार?" तो म्हणाला. "तुझं बी.ए. इकॉनॉमिक्स आहे ना? स्टॅटिस्टिक्स होतं त्यात. पुण्याहून ट्रान्सक्रिप्ट मागव, इव्हॅल्युएट करून घे, मॅथ वेव्ह होईल, द्यावंच लागणार नाही. सिंपल."

सगळं सिंपल होतं. फक्त मी बी.ए. नव्हते.

दुसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर मी एटीकेटीवर तिसऱ्या वर्षात ओढत नेला होता. तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटले, तो मात्र नाही सुटला. पण स्थळं बघणं चालू होतं आणि बाबांनी निकालाची वाट न बघताच माझ्या माहितीपत्रकात "बी.ए." लिहून टाकलं होतं. "लागेलच की निकाल," ते म्हणाले. निकाल लागला तेव्हा अमेरिकेतल्या इंजिनीयरशी माझा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते. अठ्ठावीस मार्क. आई रडली, बाबांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि आम्ही गप्प बसलो. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं तर लग्न पुढे ढकलावं लागलं असतं आणि कारणही सांगावं लागलं असतं. नंतर कधीतरी सांगू, असं मी मनाशी म्हटलं. पुढे अमेरिकेत येऊन महिनाभरात "अहो"चं "अरे" झालं, दोन घरं झाली, मुलगी नोकरीला लागली. ते नंतर काही आलं नाही.

"सर्टिफिकेट कुठेतरी हरवलंय," मी म्हणाले.

"डुप्लिकेट मिळतं गं. सिद्धेश आहे ना तिथे."

सिद्धेश हा त्याचा पुतण्या. कामसू, आज्ञाधारक आणि दुर्दैवाने विद्यापीठापासून दहा मिनिटांवर राहणारा. मी नको नको म्हणेपर्यंत अवधूतने त्याला फोन लावलासुद्धा. काकांचं काम म्हटल्यावर पोरगं ताबडतोब तयार झालं. ऑफिसात ऑडिट चालू होतं, ते संपलं की मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी जातो म्हणाला.

मी परीक्षेची तारीख घेतली ती त्याच्या आधीच्या शनिवारची. पास झाले तर ट्रान्सक्रिप्टची गरजच उरत नव्हती. नापास झाले तर वर्गही जाणार होता आणि सोमवारी पुण्याच्या एका खिडकीवरचा कारकून माझ्या पुतण्याला सांगणार होता की या बाई पदवीधर नाहीत.

चार आठवडे मी अभ्यास केला. अवधूतने शिकवायची तयारी दाखवली, पण गाडी चालवायलाही मी त्याच्याकडून शिकले आहे, त्यामुळे नम्रपणे नकार दिला. संच, टक्केवारी, चक्रवाढ व्याज, शक्यता हे सगळं बऱ्यापैकी बसलं. प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मात्र कॉलेजात जिथे अडलं होतं, तिथेच पुन्हा अडलं. माझी सरासरी बरोबर यायची आणि पुढे सूत्र आलं की डोळ्यांसमोर अंधारी यायची.

एके दिवशी वर्गात मुलांची उंची मोजायची होती. भिंतीवर कागद लावून एकेकाला उभं केलं आणि रेघा मारल्या. बहुतेक रेघा मध्ये एकमेकींना चिकटल्या होत्या, एक लांबोडा पोरगा वर आणि एक चिमुरडी खाली. मी त्या कागदाकडे बघत राहिले. कोण मध्यापासून किती लांब, एवढंच तर मोजायचं असतं! हे मला विशीत कुणी का नाही दाखवलं, असा मनस्वी राग आला. मग मुलांना डबे खायला बसवलं आणि तिथेच टिशूपेपरवर गणित करून पाहिलं. बरोबर आलं.

शनिवारी अवधूत मला सोडायला आला. "टेन्शन घेऊ नको. नाही झालं तर ट्रान्सक्रिप्ट येतंय," तो म्हणाला. त्याचा धीर देण्याचा हेतू होता. मी घाईने गाडीतून उतरले.

आत माझ्या शेजारी विशीतली मुलं होती. साठ प्रश्न होते. चुकीला मार्क कापत नाहीत, तरी येत नसलेलं उत्तर ठोकून द्यायला माझं मन धजेना. आमच्या शाळेत ते पाप होतं. शेवटची पाच मिनिटं उरल्यावर ते पापही केलं. मग स्क्रीनवर विचारलं, निकाल बघायचा का? मी बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसले. शेवटी दाबलं.

चोपन्न. पासिंग पन्नास.

डोळे पुसून कागद घेऊन बाहेर आले. अवधूत पार्किंगमध्ये सीट मागे करून पडला होता. त्याने कागद वाचला.

"चोपन्न? शंभरपैकी?"

"ऐंशीपैकी. पन्नासला पास. क्रेडिट सगळ्यांना सारखंच मिळतं."

"काठावर का होईना, पास ती पास!" तो मनापासून हसला आणि फोन उचलला. "सिद्धेशला मेसेज टाकतो, जाणं कॅन्सल कर म्हणून."

झालं होतं. मी सुटले होते. आता कुणाला काही कळायचं कारण उरलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच मला जाणवलं की आता सांगता येईल. नापास असताना सांगितलं असतं तर दया मागितल्यासारखं झालं असतं.

"टाक मेसेज," मी म्हणाले, "पण एक ऐक. तो गेला असता तरी त्याला काही मिळालं नसतं. मी बी.ए. नाहीये, अवधूत. एक पेपर राहिला होता. तुला खोटं सांगितलं."

त्याने फोन खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, बाबांच्या त्या ओळीपासून अठ्ठावीस मार्कांपर्यंत. तो मधे एकदाच बोलला, "अगं, ग्रीन कार्डच्या फॉर्मवर मी बी.ए. लिहिलंय!" मग त्यालाच त्याचं ओशाळं वाटलं असावं.

त्याने मागे केलेली सीट सरळ केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

मला वाटलं, तो "अर्थात" म्हणेल. कुणीही म्हणेल. पण अवधूतला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देता येतं.

"नाही," तो म्हणाला. "ग्रॅज्युएट मुलगीच हवी, असं मीच आईला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो असतो."

हेच उत्तर येईल म्हणून मी इतकी वर्षं घाबरले होते. आलं, आणि मला रागही आला नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"मग बरं झालं नाही सांगितलं ते," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चष्मा ओला झाला होता.

"हो," तो म्हणाला. "फार बरं झालं."