पांढऱ्या गाडीचे खांदे

आमच्या घरी नवीन गाडी आली तेव्हा सगळ्यांत कमी बोलला तो माझा नवरा, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिच्याजवळ उभा राहिला तोही तोच.

गाडी सुनेची, अपर्णाची. ती पांढुर्ण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न होऊन आमच्या रामाकोन्याला आली तेव्हापासून बिचारी रोज आधी सौसरची बस आणि तिथून पांढुर्ण्याची बस धरायची, आणि संध्याकाळी तसंच उलट. कधी तक्रार केली नाही. आणि एक दिवस स्वतःच्या पगारातून गाडी घेऊन मोकळी झाली. पांढरी शुभ्र. गावातले लोक माझ्या मुलाच्या नावाने 'सौरभची गाडी, सौरभची गाडी' करतात आणि मी प्रत्येकाला तिथल्या तिथे दुरुस्त करते. आयुष्यभर मोहगावच्या प्राथमिक शाळेत पोरांच्या चुका काढल्या, ती सवय आता कुठे जाते?

माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. पुंडलिकराव म्हणजे संत्र्याच्या आणि कपाशीच्या शेतात जन्म घालवलेला माणूस. पण त्याचा खरा जीव बैलांत. हिरा आणि चांद्या ही शेवटची जोडी. गुडघे साथ देईनात, शेतीचं सगळं काम ट्रॅक्टरवर गेलं, म्हणून मागच्या दिवाळीनंतर त्याने ती जोडी ओळखीच्या माणसाला दिली. त्या दिवसापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. मी भांडून पाहिलं, तरी भांडेना. माझ्याशी न भांडणारा पुंडलिकराव मी संसारात कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

अशात पोळा आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून खडबडीत झालेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, आणि बैलाला जेवायचं आमंत्रण देतात. यंदा आमचा गोठा रिकामा. त्या संध्याकाळी मी मुद्दामच गोठ्याकडे पाहिलं नाही. अंगणातून मात्र पुंडलिकरावाचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला वाटलं, रस्त्याने कोणाचा बैल चालला असेल. मी पुरणाची डाळ निवडत बसले.

सकाळी सौरभ दात घासत अंगणात गेला आणि तिथूनच ओरडला.

गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर जो पत्र्याचा फुगवटा असतो, तिथे पिवळेजर्द पट्टे. पाची बोटं स्पष्ट दिसत होती. हळद-लोणी चांगलं दाबून, गोल गोल चोळलेलं. रात्रभरात त्यावर धूळ आणि चिलटं बसली होती. गाडीचे खांदे मळले होते माझ्या नवऱ्याने.

"बाबा, गाडी आहे ना थे, बैल नाही," सौरभ म्हणाला. "काय करून राहिले तुम्ही? पांढऱ्या रंगावर हळद कोणी लावते का? आता निघते का थे कधी? यापुढं गाडीले हात नोका लावू. बिलकुल नोका लावू."

पोरगा वीज कंपनीत नोकरीला आहे, एरवी स्वभावाने गरीब. पण त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पुंडलिकरावाने दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक धरले, आणि तसाच रिकाम्या गोठ्यात जाऊन गव्हाणीच्या काठावर बसला. मला कळलं की हा माणूस आता कशालाच हात लावणार नाही. गाडीला नाही, झाडाला नाही, आमच्या कोणाच्या सुखदुःखाला नाही.

तेवढ्यात अपर्णा चहाचा कप घेऊन बाहेर आली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. गाडी तिची होती, आणि गाडी यायच्या आधीपासून ही पोरगी मोबाइलवर पाहून पाहून रंग राखायची कुठलीकुठली सामग्री मागवत होती. त्या पेटीला ती कोणाला हात लावू देत नव्हती. ती गाडीभोवती फिरली. वाकून पिवळ्या पट्ट्याचा वास घेतला.

"आई, लोणी घरचं होतं का बाजारचं?"

"घरचं."

"मंग त्यात मीठ नाही. बरं झालं, मिठानं पत्रा खराब होते." ती सौरभकडे वळली. "तुम्ही दोन बादल्या भरून आणा. आणि त्या चिंचेखाली सावली आहे तिकडं गाडी घ्या. ओरडून रंग निघत नसते."

खरं सांगते, मला कोणाचं कौतुक पटकन करता येत नाही. शाळेतसुद्धा पैकीच्या पैकी मार्क देताना माझा हात अडायचा. पण त्या वाक्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

मग ती गोठ्यात गेली. मी दाराआड उभी राहून ऐकलं, लाज कशाची.

"बाबा, चला. एकटीनं नाही होत मायाच्यानं."

"सौरभ नाही म्हणला. मी नाही लावत हात."

"गाडी कोणाची आहे?"

"तुयी."

"मंग मी बोलावून राहिली ना तुमाले."

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच, पण उठला. तिने आधी त्याची अंगठी काढायला लावली, मग मनगटातलं तांब्याचं कडं. "याचा ओरखडा पडला तं मी कोणावर ओरडू?" ती म्हणाली. तो निमूट काढत गेला. ते कडं त्याने माझ्यासाठीसुद्धा कधी काढलं नव्हतं.

दोन बादल्या कशाला, असं मीच विचारलं. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक वेळी फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, म्हणजे गाडीवरची रेती त्या बादलीच्या तळाशी राहते आणि पुन्हा गाडीवर घासली जात नाही. धुवायचं वरून खाली. कपड्याचा साबण अजिबात नाही, त्याने चकाकी मरते. पुसायचं नाही, फडकं नुसतं ठेवून पाणी टिपायचं. पुंडलिकराव सगळं ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचे हात पाठीमागून पुढे आले होते, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल.

धुऊन झाल्यावर तिने त्याच्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवली. "आता पत्र्यावरून हळूच फिरवा. डोळ्याले नाही दिसत, पण बारीक बारीक कण चिकटून असते. पिशवीतून हाताले लागते."

त्याने हात फिरवला. दारावरून मागे, मागून पुढे. मग थांबला. "इथं हाय." थोडं पुढे जाऊन, "इथं बी." आणि मग जरासा हसला. "गोचीड पाहासारखं हाय हे."

तिलाही हसू आलं. तिने त्याला मऊ मातीसारखी एक गोळी दिली. साबणाचं पाणी शिंपडून ती गोळी त्या जागी हलकेच घसरवायची, की कण तिला चिकटून निघून येतो. तो एक एक दरवाजा करत गेला. जोर लावला की अपर्णा टोकायची. मेण लावायची वेळ आली तेव्हा तर ती त्याला चांगलीच बोलली. एवढंसं फडक्याला घ्यायचं तर याने पोळीला तूप लावावं तसं थापलं.

"बाबा, काय करून राहिले? एवढं लावलं तं पुसता पुसता दिवस जाईन. कमी घ्या. अजून कमी."

"हो, हो. समजलं."

"समजलं म्हणता आणि पुन्हा तेच करता."

मी पायरीवर बसून पुरण वाटत होते आणि माझे डोळे भरून आले. जोडी गेल्यापासून आम्ही सगळे त्याच्याशी जपून, हळू आवाजात बोलत होतो, आजारी माणसाशी बोलावं तसं. आणि ही पोरगी त्याला सरळ रागावत होती, कामाच्या माणसाला रागवावं तसं. त्यालाही ते आवडत होतं. त्याची मान ताठ झाली होती. मला माझ्या सुनेचा इतका अभिमान वाटला की पाट्यावर पुरण वाजवीपेक्षा जास्त बारीक झालं.

मेण धुरकट दिसायला लागलं की कोरड्या मऊ फडक्याने ते पुसून काढायचं. पुंडलिकरावाने दार पुसलं आणि त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. तो जरा मागे सरकला, टोपी नीट केली.

पण पुढच्या दोन्ही खांद्यांवर फिकट पिवळी झाक राहिलीच. लोणी निघालं होतं, हळद पूर्ण निघाली नव्हती. सौरभ पुढे झाला, "पाहा, म्हणलं होतं ना मी." पुंडलिकरावाचं फडकं हातातच थांबलं.

"हळद उन्हानं उडते," अपर्णा म्हणाली. "लोक नवीन गाडी उन्हापासून लपवते, आपण उन्हात ठेवू. दोन-चार दिवस लागन. तोपर्यंत तिथं मेण नाही लावाचं, उघडंच राहू द्याचं. घासाची बिलकुल घाई नाही." आणि सौरभला म्हणाली, "तुम्हाले घाई असन तं तुम्ही आत बसा."

सौरभ आत गेला नाही. बादल्या उचलून रिकाम्या करायला लागला. तेवढं तरी कळलं त्याला.

संध्याकाळी गावात पोळा भरला. तोरणाखाली बैल उभे राहिले असणार, वाजंत्री घरापर्यंत ऐकू येत होती. पुंडलिकराव गेला नाही. गुडघे दुखतात म्हणाला. कोरडं फडकं घेऊन गाडीच्या आरशाशी उगाच काही पुसत राहिला. मी सवयीने ओवाळायचं ताट तयार केलं होतं, निरांजन, कुंकू, पुरणपोळी, आणि ते हातात धरून दारात नुसती उभी होते. ओवाळणार कोणाला?

अपर्णाने माझ्या हातातून ताट घेतलं आणि सरळ गाडीपुढे गेली. कुंकू लावलं, पण पत्र्याला नाही, चाकाला. शेवटी रसायनशास्त्राची बाई. गाडीला ओवाळलं. आणि मग कमरेला खोचलेली एक नोट काढून पुंडलिकरावापुढे धरली.

"बाबा, बोजारा."

पोळा फुटला की बैल घरोघर नेतात, घरची बाई त्यांना ओवाळते आणि बैल सांभाळणाऱ्याच्या हातावर काही ठेवते, तो बोजारा. दर पोळ्याला पुंडलिकराव हिरा-चांद्याला घेऊन दारोदार ताठ मानेने तो घ्यायचा. यंदा त्याच्या हातावर कोणी काही ठेवणार नव्हतं. पण सुनेने सासऱ्याला बोजारा द्यायचा? कोणत्या घरात होतं असं? मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा गोठ्यात जाऊन बसतो.

"काय करून राहिली तू?" सौरभ पायरीवरून हळूच म्हणाला.

"जो सांभाळते त्यालेच देत असते ना?" तिने हात मागे घेतला नाही.

पुंडलिकरावाने फडकं खांद्यावर टाकलं. दोन्ही तळवे धोतराला पुसले. नोट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि खिशात नीट घडी करून ठेवली.

"उद्या कितीले निघतं तू?"

"उद्या सुट्टी आहे, बाबा. पांढुर्ण्यात गोटमार. परवा निघते." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार.

"हा, गोटमारीत नवी गाडी नाही न्यावं," तो म्हणाला. त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं, मग पूर्वेच्या बाजूला आमच्या संत्र्यांकडे, आणि मग किती महिन्यांनी कोण जाणे, त्याचा जुना, शेतात घुमणारा आवाज निघाला.

"सौरभ, चावी आण. तोंड फिरवून ठेव तिचं. सकाळचं ऊन डाव्या खांद्यावर पडलं पायजे."

सौरभने अपर्णाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो बाबा," म्हणाला, आणि चावी आणायला आत गेला.