गुरुवारी ये

म्हातारपणाचा अभ्यास सात देशांत चालला होता आणि प्रश्न सगळीकडे तेच होते. पाहणीवाल्या मुलीचा एकच फॉर्म अडला होता. आज तो पुरा झाला नाही तर तिच्या नोकरीवर गदा. आजींनी गुडघे, झोप, दात सगळं भडाभडा सांगितलं होतं. "आठवड्यात किती वेळा एकटं वाटतं?" याला मात्र चौथ्यांदा तेच उत्तर, "आठवून ठेवते गं. गुरुवारी ये."

"आजी, साहेब मला फाडून खातील!"

"फॉर्म अर्धा राहिला की तुला यावंच लागतं ना?"

मुलीने कपाळाला हात लावला आणि साहेबांना फोन केला.

साहेब उसासले. "सातही देशांतल्या म्हाताऱ्यांनी तोच प्रश्न कोरा ठेवलाय. जा गुरुवारी."

"शहाणी माणसं हो," फोनला कान लावून बसलेल्या आजी म्हणाल्या.