दुसरी वाटसरू

बोरघिल्डबाईंनी बीटच्या रसात बोट बुडवून सुन्निवाच्या कपाळावर एक आडवी रेघ ओढली, मागे सरून पाहिलं आणि गालावरही थोडा रस फासला.

"हलू नकोस. रक्त वाटायला हवं, जॅम नको."

"वाटतंय का?"

"मागच्या बाकावरून वाटेल. आता लक्षात ठेव, टोर्मोद तुझ्या खांद्याला हात लावेल. 'उठता येईल का' म्हणून विचारेल. की तू उठायचंस. पण लगेच नाही. मार खाल्लेला माणूस ताडकन उठत नाही."

सुन्निवाने मान हलवली. तिचं लक्ष प्रार्थनाघराच्या खिडकीकडे होतं. नोव्हेंबरातली दुपार कलायला आली होती आणि समुद्राच्या त्या अरुंद फाट्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तिच्या घराचा दिवा दिसत होता. इथून नुसता एक पिवळा ठिपका.

"मारित आहे ना हालवारजवळ?" बाईंनी रसाची वाटी पुसता पुसता विचारलं.

"आहे."

"मग झालं तर. खंबीर आहेस हो तू. मी सगळ्यांना सांगते."

मारित आली नव्हती. शेजारची ही मुलगी रविवारी कधी तासभर बसायला यायची, पण आज दुपारी तिचा फोन आला होता. तिच्या पोराला ताप भरला होता. फोन ठेवल्यावर सुन्निवा बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिने नवऱ्याला, हालवारला, खुर्चीत बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, टीव्हीवर बर्फावरच्या शर्यती लावून दिल्या, शेगडीचा फ्यूज काढला आणि बाहेरून दाराला कुलूप लावलं. गाडीत बसल्यावर तिने एकदा वळून दाराकडे पाहिलं. तरी ती निघाली.

हालवार होड्या बांधायचा. अर्धांगाचा झटका आल्यावर उजवा हात गेला, आणि मग हळूहळू डोकंही सुटत गेलं. तालुक्याची परिचारिका सकाळ-संध्याकाळ येऊन जायची, अंग पुसायची, औषध द्यायची. मधला सगळा दिवस आणि सगळी रात्र सुन्निवाची होती. वृद्धाश्रमात खाट रिकामी होण्याची वाट पाहायची, एवढंच सगळे सांगत. अलीकडे तो तिला ओळखत नसे. घरात चोर शिरलाय म्हणायचा, तिला ढकलायचा, आणि मग दाराकडे तोंड करून सुन्निवाला हाका मारायचा. ती समोर उभी असताना.

नाटुकलं दहाएक मिनिटांचं होतं. बोरघिल्डबाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून अशी बरीच लिहीत असत. बायबलातली गोष्ट घ्यायची आणि ती गावातल्या दुकानासमोर, नाही तर मासळीच्या कारखान्यात आणून सोडायची. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, सुन्निवाही. त्यामुळे भूमिका नाकारायची कुणाची छाती नव्हती. आज रस्त्यात लुटून टाकलेल्या माणसाची गोष्ट होती. पहिला वाटसरू ऑर्गन वाजवणारा, सरावाला उशीर झालेला. दुसरी वाटसरू खुद्द बाई, प्रार्थनेच्या बैठकीला केक घेऊन निघालेल्या. आणि थांबणारा तिसरा म्हणजे टोर्मोद, बर्गन शहरातून आलेला मासळी तपासनीस. त्याचं तोंड गावात कुणालाच बघवत नसे.

सुन्निवा फळ्यांवर आडवी झाली. जमिनीला साबणाचा वास येत होता, मागच्या खोलीतून कॉफीचा. बाकांवरची कुजबुज थांबली.

ऑर्गनवाला आला, घड्याळ पाहत तिला वळसा घालून गेला. लोक हसले. मग बाईंचे जाड तळव्याचे बूट तिच्या डोळ्यांसमोर थबकले. "अगंबाई, इथे कुणीतरी पडलंय," बाई वरून म्हणाल्या. "बैठकीत हिच्यासाठी नक्की प्रार्थना करू हं." बूट निघून गेले. पुन्हा हशा.

सुन्निवाला तो हशा लांबून आल्यासारखा वाटला. दिवसाउजेडी अशी आडवी ती कधी झाली होती, आठवेना. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला उचलायचं, पुसायचं, भरवायचं नव्हतं. पाठ जमिनीला टेकली होती आणि जमीन तिचं सगळं वजन घेत होती.

डोकं जरा वळवलं तर खिडकी दिसत होती. पिवळा ठिपका जागेवर होता. तो मोठा झाला तर, असं तिच्या मनात आलं. जुन्या वायरी, लाकडाचं घर. ठिपका वाढत जाईल, डोंगर उजळेल, कुणीतरी ओरडेल, आणि तोवर उशीर झालेला असेल. या विचाराने दचकायला हवं होतं. दचकण्याऐवजी तिच्या छातीतून एक लांब, मोकळा श्वास बाहेर पडला. आपण असा श्वास सोडला, हे तिला पुढच्याच क्षणी कळलं.

खांद्यावर हात पडला.

"काय बाई, उठता येईल का?" टोर्मोद म्हणाला. "मी बर्गनचा असलो तरी चावत नाही."

बाकांवरून खो खो हसण्याचा आवाज आला. सुन्निवा उठली नाही.

"उठता येईल का?" त्याने पुन्हा विचारलं. मग वाकून हळूच, "सुन्निवा, ऊठ ना. तुझं वाक्य आहे आता."

"नाही."

"असं वाक्य नाहीये."

"नाही येत उठता," ती म्हणाली.

टोर्मोदने टोपी काढून हातात धरली. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. लोक मात्र शांत झाले होते. सुन्निवा इतकं चांगलं काम करेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. समोरच्या बाकावरच्या एका बाईने डोळे टिपले.

तेवढ्यात पडद्याआडून बोरघिल्डबाई बाहेर आल्या. केकचा डबा अजून हातातच होता. दुसरी वाटसरू परत आलेली पाहून कुणीतरी हसलं, आणि बाईंचा चेहरा पाहून गप्प झालं. बाईंनी डबा खाली ठेवला. त्यांचा गुडघा दुखरा होता. आधी एक हात टेकवून, मग दुसरा, त्या सगळ्यांदेखत जमिनीवर बसल्या.

"काय होतंय?"

"काही नाही. मला इथेच राहू द्या थोडं."

"मारित किती वेळ थांबणार आहे?"

"मारित आलीच नाही."

"मग घरी कोण आहे?"

"तोच. कुलूप लावून आलेय." सुन्निवाचा आवाज बाईंपुरताच होता. "बाई, घराला आग लागली तर मी सुटेन, असं वाटलं मला. आत्ता. इथे पडल्या पडल्या. आणि मला बरं वाटलं."

बाईंना प्रत्येक प्रसंगाला वचन सुचायचं. सुन्निवा त्याची वाट पाहत राहिली. बाईंनी फक्त बाहीने तिच्या कपाळावरचा रस पुसला. तो आणखीच पसरला.

"टोर्मोद," त्या म्हणाल्या, "लोकांना कॉफी दे."

"आणि गोष्टीचा शेवट?"

"त्यांना पाठ आहे तो. मला हात दे, उठव मला आधी. मग हिला."

गाडी बाईंनी चालवली. पाण्याच्या कडेने रस्ता लांब वळसा घेत जातो.

"दर रविवारी विचारते मी तुला, हालवार कसा आहे म्हणून," बाई शेवटी म्हणाल्या.

"विचारता ना."

"हो. उत्तर ऐकायला थांबत नाही."

वळणावर घर दिसलं. दिवा होता, खिडक्या जागच्या जागी होत्या. तिचा जीव भांड्यात पडला की आणखी खोल कुठे गेला, ते तिचं तिलाच कळेना.

पायऱ्यांवरूनच आतला आवाज ऐकू आला. दारावर कुणीतरी एका हाताने थापा मारत होतं, संथ, थांबून थांबून. कुलूप काढलं तेव्हा हालवार दाराशीच उभा होता, एका पायात मोजा, विजार ओली. डाव्या हाताची बोटं सोलवटून रक्ताळली होती. सुन्निवाचं लाल माखलेलं तोंड पाहून तो मागे सरला.

"हीच ती," तो ओरडला. "हिनेच कोंडलं मला."

मग त्याची नजर तिच्या मागे गेली. उंबऱ्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून, बोरघिल्डबाई धापा टाकत उभ्या होत्या. त्याचा चेहरा सैल झाला.

"सुन्निवा," तो त्यांना म्हणाला. "कुठे होतीस गं?"

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"जरा बाहेर गेले होते," त्या म्हणाल्या. "आले ना आता."

"तिला जायला सांग."

"पाहुणी आहे ती. फार लांबून आलीये. वर झोपू दे तिला थोडं." मग त्या सुन्निवाकडे वळल्या आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "जिना त्या बाजूला आहे, ताई. डावीकडची खोली."

सुन्निवा आपल्याच घराचा जिना चढून वर गेली. कोट अंगावर ठेवूनच पलंगावर पडली. खालची ऊब वर यावी म्हणून त्या खोलीच्या जमिनीला लोखंडी जाळी बसवलेली होती, हालवारनेच, लग्नाच्या वर्षी. उबेबरोबर आवाजही वर यायचे. नळ सुटल्याचा, भांड्यात पाणी पडल्याचा. बाई त्याला काहीतरी बदलायला लावत होत्या आणि तो कुरकुर न करता ऐकत होता.

"हात दे इकडे. झोंबेल जरा."

"तू रागावलीस का माझ्यावर?"

सुन्निवाने श्वास रोखला. हा आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. चोरावर ओरडण्याचा नव्हता तो. रात्री दिवा मालवल्यावर, दिवसभराचं सगळं बोलून झाल्यावर जो उरायचा, तो होता.

"कशाला रागावेन?" बाई म्हणाल्या.

"मला होड्यांची नावं आठवत नाहीत आता. मी बांधल्या, पण नावं जातात." तो थांबला. "तुझं नाही जात."

पट्टी फाडल्याचा आवाज आला.

"तुझे हात गार पडलेत," तो म्हणाला. "दमलीस का?"

सुन्निवाला वाटलं, बाई आता हसून वेळ मारून नेतील.

"हो," बाई म्हणाल्या. "फार दमलेय."

"मग बस की इथे. मी आहे ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी बसलं. वर सुन्निवाच्या पापण्यांवर झोप अगदी येऊन ठेपली होती, पण तिने ती येऊ दिली नाही. तो पुढे काय बोलतो, ते तिला ऐकायचं होतं.