काशीनाथ हवालदाराचं दुसरं लगीन

काशीनाथ हवालदार बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा मी भाजीचं परवल वेलावरून तोडत होते. अंगात खाकी कोट, पायांत फाटके बूट.

"बकुळवहिनी, घरची समदी बरी हैत न्हवं?"

मी टोपली खाली ठेवली. "भावजी, तुमचं तेरावं झालं. म्या जेवले हाय."

"सैपाक कसा हुता?"

"कढी पातळ झालती."

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे माज्या कालिंदीच्या बांगड्या..." एवढं म्हणून तो मटकन ढेकळांवर बसला.

आता, इतक्या वर्षांनी, तो खरोखरच गेला. पिकलं पान होऊन, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. म्हणून सांगते. बायकापोरांसाठी जीव टाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण त्यांच्यासाठी पुन्हा जन्माला आलेला हा एकटाच.

आम्ही वरुणा नदीपारची मराठी माणसं. पूर्वज पेशवाईतल्या कुण्या सरदारामागं शिपाई म्हणून काशीला आले आणि इथंच भाजी पिकवायला लागले. काशीनाथ तेवढा पलटणीत गेला. जर्मनच्या लढाईत बसऱ्याकडं तुर्कांच्या हाती सापडला, अन् सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं. त्याची आई सीताकाकू अंथरुणाला खिळलेली. तिनं एकच धोसरा लावला, "जग मराया काशीला येतंय, आन् माजं काशीचं लेकरू परमुलखात मेलं. त्येला गती द्या." शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट पाहायची असते. म्हातारी पंधरवडा काढील असंही दिसत नव्हतं. मग मंगला गौरीच्या देवळाकडून ढुंढिराजभट आले. पळसाच्या पानांचा काशीनाथ केला, मणिकर्णिकेवर जाळला. म्हातारी समाधानानं गेली. कालिंदी मात्र पांढऱ्या कपाळानं राहिली.

लढाई संपली, काशीनाथ सुटून आला, तसे ढुंढिराजभट पुन्हा आले. काशीनाथभोवती एक फेरी मारून म्हणाले, "जिवंत दिसतोस खरा. पण विधी झालाय. आता नव्यानं जन्म, नव्यानं बारसं, आणि कालिंदीशीच नव्यानं लग्न. तोवर घरात पाऊल टाकायचं नाही."

"पर महाराज, म्या मेलोच न्हाई."

"ते तुझं मत झालं."

दारात कालिंदी उभी होती. तिच्या पदराआडून लीला विचारत होती, "अम्मा, ये कौन है?" पोरीनं बापाला ओळखलं नाही. काशीनाथचं तोंड एवढंसं झालं. "करा काय करायचं त्ये," तो म्हणाला.

पंचगंगा घाटावर त्याला तूप चोळून न्हाऊ घातलं. मिशावाल्या बाळाला मध चाटवला. आत्यानं कानात कुर्र करून "काशीनाथ" असं सांगितलं, तेव्हा बाळ ताठ उभं राहून "हाजिर!" म्हणालं.

लगीन मात्र अडलं. आषाढी एकादशी होऊन गेलेली, देव झोपलेले. कार्तिकाशिवाय मुहूर्त नाही. काशीनाथनं आपल्या खेतात मचाण बांधलं आणि तिथं राहिला. त्याचं खेत आणि त्याचं घर यांच्या मधे आमचा परवलाचा तुकडा. लगीन ठरलेल्या दोघांनी बोलायचं नाही, म्हणून सगळं बोलणं माझ्यावरून जायचं.

"वहिनी, इचारा तिला, गाय दूध देती का?"

"देती म्हनावं," कालिंदी आपल्या अंगणातून ओरडायची. "आन् परक्या घरची चौकशी करू नगं म्हनावं."

"लीलाचा खोकला?"

"बरा हाय. त्यांस्नी सांगा, मचाणावर उघडं झोपू नका. छाती धरंल."

"परक्या मानसाची छाती धरली तर हिला काय हो?"

कालिंदी भांडी आपटत आत जायची. भाकरी मात्र रोज एक जास्त यायची.

भादव्यात गंगा फुगली आणि वरुणा उलटी फिरली. वेल गेले, बांध गेले, जिकडंतिकडं गढूळ पाणी. कालिंदीचं घर उंचवट्यावर, ते तेवढं वाचलं. दिवे लागायच्या सुमाराला मचाण डुगडुगू लागलं. मी आमच्या छपरावर बसलेली. पहिल्यांदाच कालिंदी मला वगळून ओरडली, "अवं! उतरा खाली!"

"मुहूर्त न्हाई!"

"मुहूर्त गेला चुलीत! पानांचा करून जाळला तुमाला, तवा गप बसले. आता डोळ्यांदेखत बुडू देऊ व्हय?"

गाईचं दावं घेऊन ती कमरेइतक्या पाण्यात शिरली. त्यानं दावं धरलं आणि आला. उंबऱ्यापाशी मात्र थबकला. "ढुंढिराजभट काय म्हन्तील?" कालिंदीनं त्याची गचांडी धरून आत ओढलं आणि दार लावलं. मला रडू आलं. मेल्या माणसाचं इतकं बरं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पाणी ओसरलं, तसं काशीनाथनं पुन्हा मचाण बांधलं. लोकांना दिसायला काहीतरी हवं.

तुळशीचं लगीन झाल्यावर यांचं लागलं. लीला करवली होती, आईबापाच्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच मिरवली. नवरी होमापाशून सारखी तोंडाला पदर लावून उठत होती. "धूर लागला असेल," ढुंढिराजभट म्हणाले.

ज्येष्ठात मुलगा झाला, चांगला थोराड. ढुंढिराजभट पत्रिका मांडायला आले. त्यांनी पंचांग चाळलं, बाळाकडं पाहिलं, परत पंचांग चाळलं. कालिंदी ताठ मानेनं समोर बसलेली. काशीनाथ श्वास रोखून उभा.

"सातव्या महिन्याची मुलं," ढुंढिराजभट पंचांग मिटत म्हणाले, "काशीत अशीच होतात."

काशीनाथनं खेतातली दोन खरबुजं आणून पुढं ठेवली. त्यांनी वास घेऊन एक बदलून घेतलं.