माझे दोन भाग होता होता

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. वजन चार किलो. त्यात कागदाचं किती आणि विद्वत्तेचं किती, हे कुणी तोलून पाहिलेलं नाही.

छापखान्यात माझी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी लग्नात बायकोला भेट म्हणून मला दिलं. बाईंना घड्याळ हवं होतं. पुढे बेचाळीस वर्षं, वाद झाला की मला उघडायचं, असा घरचा नियम होता. जिंकणारा माझी स्तुती करायचा. हरणारा मला पायाखाली घेऊन माळ्यावरचा डबा काढायचा.

सत्तरीत आल्यावर बाई, म्हणजे आताच्या आजी, एका सकाळी शांतपणे म्हणाल्या, "मला आता माझ्या घड्याळाने उठायचंय. वेगळे होऊ."

आजोबांनी चहा संपवला आणि बरं म्हणाले. वकील भाचीने सांगितलं, या वयातल्या घटस्फोटाला हल्ली 'ग्रे डिव्होर्स' म्हणतात, पिकल्या केसांवरून. आजी म्हणाल्या, मी केस रंगवते, मला लागू नाही. आजोबांना तर केसच नव्हते.

वाटणी सुरळीत झाली. अडलं माझ्यापाशी. मला सोडायला कुणीच तयार होईना. शेवटी दोघं मला बाइंडरकडे घेऊन गेले. 'न'पर्यंत आजींचा, 'प'पासून आजोबांचा.

बाइंडरने सुरी काढली.

"म्हणजे काडीमोड आणि घटस्फोट दोन्ही तुझ्याकडे," आजोबा कुरकुरले. "मला नुसती फारकत."

"एक पुरे की. परत लग्न करायचंय का?"

वाद झाला, म्हणजे मला उघडणं आलं. काडीमोड म्हणजे काडी मोडून नातं तुटल्याचं सांगणं. घटस्फोट म्हणजे घडा फोडणं. मग आजींनी 'फारकत' वाचलं. मूळचा परका शब्द, आपल्याकडे येऊन झिजलेला. अर्थ, मोकळं केल्याचा लेख. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"यात काही मोडत नाही, फुटत नाही."

"मग हीच घेऊ," आजोबा म्हणाले. "आणि याला तरी कशाला कापायचं?"

बाइंडरने सुरी ठेवून सुई घेतली आणि माझी पाठ नव्याने शिवली.

फारकत झाली. दोन घरांत दोन गल्ल्यांचं अंतर आहे. मी एक आठवडा इथे, एक तिथे. मला एकट्याने तिथवर उचलून न्यायची ताकद आता दोघांतही नाही. म्हणून दर रविवारी एक बाजू आजी धरतात, एक आजोबा, आणि कोण भरभर चालतंय यावरून वाटभर भांडतात.

मित्रांनो, मागणं फार नाही. डबा काढायला स्टूल घ्या. आणि जाड, जुनं काही उचलाल तेव्हा दोन्ही बाजूंनी धरा. एकाच बाजूने ओढलं की पाठ जाते.