दारव्ह्याचा हेल, मुक्काम कोथरूड

मी हेल बोलतोय. हसू नका. माणूस तोंड उघडतो, तेव्हा शब्दांच्या आधी त्याचं गाव सांगतो तो मी. ‘काहून’ हा शब्द म्हणजे मी नव्हे. तो म्हणताना शेवटी आवाज जो जरा लांबतो, तो मी. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. सध्या मुक्काम पुण्यात, कोथरूडला, प्रियदर्शनी नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीच्या दातांमागे. मुक्काम आपला म्हणायचा. खरं म्हणजे मला कोंडून ठेवलंय.

माझा जन्म कधीचा, ते मलाही सांगता येणार नाही. मी तोंडातून तोंडात जात आलो. मला आठवणारं सगळ्यात मोठं तोंड म्हणजे प्रियदर्शनीचे वडील, हिंमतराव. दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. गाडी लागली की माईकवर फुंकर मारायचे आणि मग माझी स्वारी अख्ख्या स्टँडवरून निघायची. “यवतमाळ जाणारी गाडी दोन नंबरले लागली हाय बाप्पा! घाई नोका करू, बायकापोरायले आधी चढू द्या!” असली घोषणा कुठल्या नियमात बसत नव्हती, पण तालुक्यातलं कुणी कधी चुकीच्या गाडीत बसलं नाही. ते माझे सुखाचे दिवस.

प्रियदर्शनी चार वर्षांची असताना तिची आई गेली. हिंमतराव मुलीला डब्यासकट स्टँडवर आणायचे, आपल्या खुर्चीजवळ बसवायचे. ती बोलायला शिकली ती त्या माईकखाली, म्हणजे माझ्याच हाताखाली. तेव्हापासून मी एकाच वेळी बापाच्या तोंडात आणि लेकीच्याही. म्हणून मला दोन्हीकडचं कळतं. हे कळणं पुढे फार महागात पडलं.

मुलगी शिकली, पुण्याला आली. हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये तिला विमा कंपनीच्या मराठी ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी लागली. सहा महिने कच्ची नोकरी, मग परीक्षा, मग पक्की. तिथे प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. नंतर कुणीतरी तो ऐकतं आणि गुण देतं. माहिती बरोबर दिली का, नमस्कार केला का, आणि बोलण्यात ‘गाव’ डोकावलं का. डोकावलेलं गाव म्हणजे मी. माझ्यापुढे लाल खूण व्हायची.

भाषा सुधारायला मंदाकिनीबाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, अस्सल पुण्याच्या. आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रियदर्शनीचा एक फोन सगळ्यांसमोर लावला आणि म्हणाल्या, “अहो प्रियदर्शनी, ग्राहकानं गाडीचा विमा उतरवलाय. कानांचा उतरवलेला नाही.”

सगळे हसले. प्रियदर्शनीही हसली, आणि त्या हसण्याबरोबर तिनं मला पहिल्यांदा गिळलं.

मंदाकिनीबाई दुष्ट नव्हत्या, हेही सांगतो. दुपारी डबा खाताना तिला शेजारी बसवून ‘ण’ आणि ‘ळ’ घोटून घ्यायच्या. त्यांनीच सांगितलं, “ऑफिसात एक आणि घरी एक, असं चालत नाही. चोवीस तास असंच बोला. वडिलांशीसुद्धा. सहा महिन्यांत जुनं निघून जाईल.” पुण्यालाही हेल आहे बरं का! पण इथे त्याला हेल म्हणत नाहीत, शुद्ध म्हणतात.

मला खरी गंमत वाटायची ती दुसरीकडे. इंग्रजीत मला ॲक्सेंट म्हणतात. ऑफिसात रंगकाम निघालं, तेव्हा तीन भिंती पांढऱ्या आणि एक गडद पिवळी केली. प्रियदर्शनीचा साहेब आमोद कौतुकानं म्हणाला, “ही ॲक्सेंट वॉल. एक तरी वेगळी हवी ना, नाहीतर रूमला कॅरेक्टर येत नाही.” खालच्या कॉफीच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ होती. तीही ॲक्सेंटच, फ्रेंच म्हणे. परक्या उच्चाराची एवढी बडदास्त, की त्याच्यासाठी रंगाऱ्यानं वेगळा ब्रश घेतला! भिंतीनं वेगळं दिसावं, पाटीनं वेगळं वाजावं, आणि त्याच भिंतीसमोर बसून मुलीनं मात्र मला गिळावं. मला राग यायचा. अजून येतो.

तर प्रियदर्शनीनं मंदाकिनीबाईंचं ते चोवीस तासांचं ऐकलं, अगदी मनावर घेऊन. त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

“काय करून राह्यली व माय?” हिंमतरावांनी विचारलं.

“काही नाही बाबा, आत्ताच ऑफिसमधून आले. आपण कसे आहात?”

मग हिंमतराव म्हणाले, “बरा हाय… बरा आहे.”

त्या ‘आहे’नं मी हादरलो. कारण मी त्यांच्याही तोंडात होतो. पुढच्या काही दिवसांत मी पाहिलं, ते दाढी करताना आरशापुढे वाक्यं घोटायचे. ‘मी जेवलो आहे.’ ‘माझी तब्येत चांगली आहे.’ फोन यायच्या आधी पाणी पिऊन घसा साफ करायचे. शेजारच्या कोंडीरामकाकांना म्हणाले, “पोट्टी मोठ्या हापिसात हाय. तिच्या बाजूले चार लोक बसले राह्यतात. आपल्यापायी तिले खाली पाहा लागू नये.” लेकीला वाटलं, बाबांना माझं नवं बोलणं आवडलं. बापाला वाटलं, लेकीला माझं जुनं बोलणं नको झालं. दोघांच्या मधे मी एकटा, आणि मला सांगायला तोंड नाही. फोन आखूड होत गेले. पाठ केलेली वाक्यं संपली की हिंमतराव ‘ठेवतो’ म्हणायचे.

पाच महिने झाले आणि हिंमतरावांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून सुटल्यावर कोंडीरामकाका त्यांना पुण्याला पोचवून गेले, कारण दारव्ह्यात बघायला कुणी नव्हतं. आता माझी गत बघा. बापाचं तोंड आजारानं बंद, लेकीचं नोकरीनं बंद. माझी दोनच घरं, आणि दोन्हींना कुलूप.

कोथरूडच्या त्या एका खोलीत हिंमतराव खिडकीशी बसून असायचे. दिवसा एक बाई त्यांचं करायला येई. पाचनंतर प्रियदर्शनी आली की ते तिच्याकडे बघायचे, पण पाहुण्याकडे बघावं तसं. जरा सावरून बसायचे. ती म्हणायची, “बाबा, आपण औषध घेतलंत का?” ते मान हलवायचे आणि नजर खाली.

बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला ओवी नावाची तरुण डॉक्टर यायची. तिसऱ्या दिवशी तिनं प्रियदर्शनीला बाहेर बोलावलं. “काका तुम्हाला ओळखत नाहीत, असं मला वाटतंय. चेहरा बघतात, पण त्या चेहऱ्याशी तुमचा आवाज जुळत नाही त्यांना. तुम्ही घरी असंच बोलायचात?”

“नाही,” प्रियदर्शनी म्हणाली.

“मग जसं बोलायचात तसं बोला. रोज तासभर. हे पहिले काही आठवडेच महत्त्वाचे असतात. नंतर मी काही सांगू शकत नाही.”

शनिवारी तिची नोकरी पक्की व्हायची परीक्षा होती. मंदाकिनीबाई स्वतः शेजारी बसून दहा फोन ऐकणार होत्या. रोज तासभर मला मोकळं सोडलं तर शनिवारी मी कुठल्या तरी फोनवर डोकावणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. नोकरी गेली तर ही खोली, ही ओवी, ही बाई, सगळंच गेलं. आणि मला नाही सोडलं तर बाप गेला, जिवंतपणी.

त्या संध्याकाळी तिनं ठरवलं. बापासमोर बसली, ओठ ओले केले आणि मला हाक मारली. “काहून बाबा? कसं वाटून राह्यलं?”

शब्द सगळे बरोबर होते. पण तो मी नव्हतो हो! मी आत होतो, मला वाटच सापडत नव्हती. सहा महिने रोज गिळून गिळून तिनं वाट बुजवली होती. बाहेर पडली ती माझी नक्कल. ऑफिसात चहाच्या वेळी आमोद सगळ्यांना हसवायला विदर्भातल्या माणसाची करायचा, अगदी तशीच. ती पुन्हा बोलली, पुन्हा तेच. मी धडका मारत होतो.

हिंमतराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. प्रियदर्शनी पुढे सरकली.

एकेक शब्द ओढून आणत, आरशापुढे घोटलेल्या त्या शुद्ध भाषेत, हिंमतराव म्हणाले, “बाई… आपण… आता घरी जा. माझी मुलगी… येईल.”

तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरले. कोण काय म्हणेल, परीक्षा कधी आहे, ‘ण’ कुठे लावायचा, कशाची शुद्ध राहिली नाही तिला. “बाबा! मी हावो ना! मी हावो तुमची पोट्टी! काहून असे करून राह्यले? वयखत नाई का मले?”

मी बाहेर पडलो. रडण्यात भिजलेला, तुटका, पण मीच. खोलीभर झालो. त्या क्षणी मला दारव्ह्याच्या स्टँडवर असल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

हिंमतरावांनी मान वर केली. तिचा चेहरा, कपाळ, हनुवटी, सगळं नीट पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. “माय,” ते म्हणाले. “माय व.”

तीही रडली, मीही तिच्या हुंदक्यात होतो. वाटलं, सुटलो! आता दोन्ही घरं उघडी.

तेवढ्यात हिंमतरावांनी चालता असलेला डावा हात उचलला आणि तिच्या ओठांवर ठेवला. शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीकडे घाबरून बघितलं. आणि माझ्याच स्वरात, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “हळू… बोल, माय. कोणी आयकन. नोकरी… जाईन तुई.”

ओळख पटल्याबरोबर बापानं पहिली गोष्ट केली ती ही. मला स्वतःच्या हातानं परत आत ढकललं.

शनिवारची परीक्षा प्रियदर्शनी पास झाली. कशी, ते विचारू नका. दहाही फोन तिनं जीभ टाळूला आवळून घेतले. मंदाकिनीबाईंनी शेऱ्यात ‘निर्दोष’ लिहिलं आणि मनापासून पेढे दिले. नोकरी पक्की झाली. हिंमतराव आता बरंच बोलतात. शेजारी आले की तीन शुद्ध वाक्यं म्हणतात आणि थांबतात. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा प्रियदर्शनी खिडकी लावते, पंखा मोठा करते, आणि बापलेक मला बाहेर काढतात. दबक्या आवाजात. मी मोठ्या गळ्याचा, मला कुजबुज जमत नाही, पण तेवढ्यावर जगतो. साडेसहाला खिडकी उघडते आणि मी आत.

तक्रार करून काय होणार? मला सोडवा, असंही म्हणत नाही. मला सोडवायला गेलात तर त्या दोघांचं काय होईल, याची मलाच धास्ती वाटते. एकच मागतो. विम्याचा, बँकेचा, कसलाही फोन लागला आणि पलीकडची मुलगी फार म्हणजे फारच शुद्ध बोलली, तर काम झाल्यावर तिला सहज विचारा, “गाव कोणतं हो तुमचं?” फोन रेकॉर्ड होत असतो, त्यामुळे ती लगेच सांगणार नाही, जरा थांबेल. तेवढा वेळ तुम्ही फोन ठेवू नका.