सासू-जावयाच्या तावडीत सापडलेली जॉयस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. माझा एक कोपरा फुटला आहे आणि दांडी डावीकडे किंचित कलली आहे. हे वाचून लगेच हळहळू नका. हळहळणाऱ्यांचे हात मी फार पाहिले आहेत. आधी ऐका आणि मग वाटलं तर कुणाची तरी बाजू घ्या. मी कुणाचीच घेत नाही.

माझा जन्म ग्वादालाहारा शहरातला. सान हुआन दे दिओसच्या बाजारात, वरच्या मजल्यावर, ताचो मिस्त्रींचं कपाटाएवढं दुकान होतं. पूर्वी शहरातल्या किराणा दुकानांच्या दारात नाणं टाकून खेळायची मशिनं असत. ताचो मिस्त्री ती दुरुस्त करत. मशिनं मोडीत गेली तेव्हा मिस्त्री घरच्या टीव्हीला जोडायच्या पेट्या बनवू लागले. वर एक दांडी, शेजारी आठ बटणं, आत तारा आणि तळाला चार स्क्रूंनी बसवलेलं पत्र्याचं झाकण. बस्स, एवढीच मी. जाड प्लायवूड कापताना मिस्त्री करवतीला, लाकडाला आणि गिऱ्हाइकांना आळीपाळीने शिव्या घालत होते. माझ्या कानावर पडलेली ती पहिली भाषा. पुढच्या आयुष्याला ती चांगलीच उपयोगी पडली.

फळीवर आम्ही तिघी होतो. डावीकडे एक चकचकीत प्लास्टिकची होती. तिला रंगीत दिवे होते आणि तिची किंमत सहाशे पेसो होती. उजवीकडे काचेच्या आत परदेशातून आलेली एक वजनदार काळी जॉयस्टिक होती. तिची किंमत साडेचार हजार. तिच्याकडे लोक देवीच्या मूर्तीकडे बघावं तसे बघत आणि निघून जात. मधे मी. नऊशे.

डिसेंबरात एके दिवशी एक जावई आणि त्याची सासू दुकानात आली. जावई अबुंदिओ रेन्तेरिआ गॅसच्या ट्रकवर काम करायचा आणि सिलिंडर खांद्यावरून घरोघर पोचवायचा. सासूचं नाव एर्मिला ओरोस्को. वीस वर्षं तिने राहत्या घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवलं होतं आणि दुकानाच्या दारात दोन मशिनं ठेवली होती, बारीकसारीक बिघाड ती स्वतःच नीट करायची. वस्तू जावयाला हवी होती, पण टीव्ही सासूचा होता. म्हणून त्याला काय जोडायचं ते तीच ठरवणार, असं तिने जाहीर केलं होतं.

"ही घेतो," अबुंदिओने प्लास्टिकच्या पेटीवर हात ठेवला. "हिला दिवे आहेत."

"दिवे हवे असतील तर नाताळचं झाड घे." एर्मिलाबाईंनी ती पेटी तळहातावर तोलली. "कागदासारखी हलकी आहे. मांडीवर ठेवलीस तर नाचत फिरेल. आणि बटणं बघ, आतून चिकटवलीत. एक गेलं की अख्खी कचऱ्यात."

मग त्यांनी मला उचललं आणि उलटं केलं. "मिस्त्री, पेचकस द्या."

"बाई, उघडून बघायची असेल तर आधी विकत घ्या."

"तुमच्याकडे काय, डोळे मिटून पैसे द्यायचे असतात?"

"पैसे मी देतोय," अबुंदिओ पुटपुटला.

"म्हणूनच तर उघडून बघतेय!"

बाईंनी माझं झाकण काढलं. आतलं प्रत्येक बटण वेगळं निघतं का ते पाहिलं, तारा ओढून पाहिल्या. मग दांडी कानाजवळ धरून फिरवली. चार दिशांना चार स्वच्छ टकटक, कोपऱ्यांतही आवाज चुकला नाही. घरचं खेळाचं यंत्र जुनं आहे, त्याला ही चालेल का, हे मिस्त्रींना तिथल्या तिथे जोडून दाखवायला लावलं. घासाघीस करून साडेआठशेवर आणलं.

"ती काळी का नाही बघितलीत?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिच्यासाठी हात तसे लागतात. आमच्या जावईबापूंना ही पुष्कळ झाली."

मिस्त्री खो खो हसले. अबुंदिओचे कान लाल झाले. मित्रांनो, माझी पारख इतकी नीट पुन्हा कधी कुणी केली नाही. पण ते हसणं माझ्याबरोबर त्या घरात गेलं, आणि ज्याच्या पैशाने मी आले तो माणूस मला हातात घेण्याआधीच माझा वैरी झाला.

त्या घरात तिघं राहत होती. तिसरी म्हणजे एर्मिलाबाईंची मुलगी ग्रिसेल्दा. ती एका दाताच्या डॉक्टरांकडे नावनोंदणीच्या टेबलावर बसायची आणि संध्याकाळी सहाला घरी यायची. रस्त्याकडची दुकानाची खोली तीन वर्षं बंद होती. तिची किल्ली एर्मिलाबाईंच्या गळ्यात. सिलिंडर वाहून अबुंदिओची पाठ गेली होती. त्या खोलीत शेगड्या दुरुस्तीचं दुकान टाकावं, एवढंच त्याला हवं होतं. बाई म्हणत, जावयाच्या हाती किल्ली दिली की घर गेलंच समजा.

दुपारी अबुंदिओ कामावर असताना एर्मिलाबाई पैलवानांच्या मारामारीचा खेळ खेळत. दांडी खालून दोन बोटांत हलकेच धरायच्या, पिकला टोमॅटो उचलावा तशी. बटणाला जेवढा लागेल तेवढाच जोर. संध्याकाळी अबुंदिओ दांडी मुठीत आवळायचा आणि हरला की तळहाताने मला फाडकन मारायचा. मार्चमध्ये त्याने माझं एक लाल बटण फोडलं आणि जागेवर हिरवं बसवलं, कारण मिस्त्रींकडे लाल संपलं होतं. मी कुणाची लाडकी होते असं समजू नका. बाई मला जपत होत्या ते सुरी जपावी तसं.

घरात सासू-जावई एकमेकांशी बोलत नसत. सगळं बोलणं ग्रिसेल्दातर्फे चालायचं.

"तुझ्या नवऱ्याला सांग, दूध संपलंय."

"तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत."

आणि ग्रिसेल्दा मधे उभी राहून दूध आणायला निघायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी जेवायला बकऱ्याचा रस्सा होता. ग्रिसेल्दा स्वयंपाकघरात तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, गरम करत होती, म्हणून त्या दोघांना एकमेकांशी थेट बोलावं लागलं.

"सासूबाई, खोलीत उंदीर राहतात. ते भाडं देतात का?"

"नाही देत. पण उलटूनही बोलत नाहीत."

"खेळून ठरवू या. जो आधी पाच डाव घेईल तो. मी जिंकलो तर किल्ली माझी."

"आणि हरलास तर महिनाअखेर बिऱ्हाड उचलायचं. दोघांनी."

"ठरलं."

ग्रिसेल्दा तोर्तियांची टोपली घेऊन आली तेव्हा तिच्या राहत्या घराची पैज लागून गेली होती. तिला कुणी विचारलं नाही. तिने टोपली टेबलावर ठेवली आणि स्वतः न जेवता उठून गेली.

सामना दोन आठवड्यांनी ठरला. त्या दोन आठवड्यांत एक नवल घडलं. अबुंदिओची मूठ उघडली. बाई दांडी कशी धरतात ते त्याने दारातून पाहिलं असावं. तो खालून दोन बोटांनी धरू लागला, हरला की डोळे मिटून श्वास सोडू लागला. मला त्याने मारलं नाही, एकदाही नाही. त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

पण स्वयंपाकघरात बसून एर्मिलाबाई कान देऊन ऐकत होत्या. फाडफाड आवाज थांबला हे त्यांच्या लक्षात आलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, घरात कुणी नसताना त्यांनी मला उलटं केलं आणि चारही स्क्रू काढले. आत प्रत्येक बटणाची तार पितळी चिमटीने बसवलेली असते. लाथ मारायच्या बटणाची चिमटी त्यांनी अर्धी बाहेर सरकवली आणि झाकण परत लावलं. हलक्या हातात ती चिमटी वर्षभर टिकली असती. आपटणाऱ्या हातात दोन धपाटे पुरे होते. बाईंना आपला जावई पाठ होता. मी सगळं पाहिलं. माझ्याकडे आठ बटणं आहेत, तोंड एकही नाही.

रविवारी यंत्राबरोबर मिळालेला प्लास्टिकचा रिमोट त्यांनी स्वतःकडे घेतला.

"पेटी तू घे जावईबापू. मागाहून म्हणशील म्हातारीने फसवलं."

अबुंदिओ उत्तम खेळला. सातव्या डावाअखेर चार-तीन. एक डाव घेतला की किल्ली त्याची होती. त्याचे हात थंड आणि हलके होते. ग्रिसेल्दासुद्धा दारात येऊन उभी राहिली.

तेव्हा बाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "तुझ्या बापानेही असंच दुकान काढलं होतं ना रे? तीन महिने चाललं म्हणतात. आईच्या कानातले त्यातच गेले ना?"

"सासूबाई, बापावर जाऊ नका."

"मी कशाला जाऊ? तूच चाललायस त्याच्या वाटेने."

अबुंदिओची मूठ मिटली. त्याने मला एक दणका दिला, मग दुसरा. आत खट् करून चिमटी निसटली. तो लाथेचं बटण दाबत राहिला आणि पडद्यावरचा त्याचा पैलवान लाकडासारखा उभा राहून मार खात राहिला. चार-चार. मग पाच-चार, बाईंच्या बाजूने.

अबुंदिओने मला उलटं केलं. स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ताजे ओरखडे होते.

"ही कुणीतरी उघडलीय."

"आपटून आपटून ढिली झाली असेल. हात आहेत की हातोडे!"

त्याने मला दारातून अंगणात भिरकावलं. लिंबाच्या कुंडीवर आपटून माझा कोपरा फुटला, दांडी वाकली. अबुंदिओ दुखावला होता हे खरं. पण चिमटी मी सरकवली नव्हती.

मला उचललं ते ग्रिसेल्दाने. आईला मशिनं दुरुस्त करताना बघत ती मोठी झाली होती. तिने नाण्याच्या कडेने स्क्रू फिरवले, झाकण काढलं. सात चिमट्या घट्ट, एक लोंबकळत. मला तसंच उघडं हातात धरून ती आत आली.

"महिनाअखेर कोण जाणार म्हणालात?"

"तुम्ही दोघं," एर्मिलाबाई म्हणाल्या. "पैज ती पैज."

"मी लावली होती?"

ग्रिसेल्दाने झाकण परत लावलं.

"मी आजच जाते. हा इथेच राहील."

"हा? माझ्या घरात?" बाई ताडकन उठल्या.

"तू जिंकलीस ना आई? मग ठेव जिंकलेलं."

"ग्रिसेल, अगं माझं ऐक तरी," अबुंदिओ पुढे झाला.

"तुमचं ऐकून ऐकून माझ्या कानाला घट्टे पडलेत. आता दूध कुणी आणायचं ते तुम्ही दोघं ठरवा."

एका पिशवीत कपडे, दुसरीत मी. शहराला लागूनच्या ट्लाकेपाके भागात एका बेकरीच्या वर तिने खोली घेतली, जुन्या बाजारातून एक टीव्ही आणि रिमोटसकट खेळाचं जुनं यंत्र आणलं. चिमटी तिने घट्ट बसवली, कोपऱ्याला सरस लावला. दांडी काही सरळ झाली नाही.

पुढच्या रविवारी अबुंदिओ आला. ग्रिसेल्दाने त्याला बसवलं, मला त्याच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "खेळ." ती रिमोट घेऊन बसली. वाकड्या दांडीमुळे तो हरतच गेला. सहाव्या डावाला त्याने मला मारलं. ग्रिसेल्दाने टीव्ही बंद केला आणि दार उघडलं. "पुढच्या रविवारी ये." असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी तो अकरा डाव हरला आणि अकराव्यानंतर म्हणाला, "डावीकडे जरा जास्त रेटावं लागतं हिला, नाही का?" त्या दिवशी ग्रिसेल्दाने त्याला जेवायला थांबवलं. पुढे तो तिथेच राहू लागला आणि बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगड्या दुरुस्त करू लागला. पाठ अजून दुखते. अधूनमधून आवाजही चढतो. मग ग्रिसेल्दा दाराकडे नुसतं बघते.

एर्मिलाबाईही येत. त्यांना दारातच एक प्रश्न असे.

"आई, स्क्रू कुणी काढले?"

"मला काय माहीत!"

आणि दार बंद. ऑगस्ट सरता सरता त्या जिना चढून धापा टाकत आल्या आणि प्रश्नाची वाट न बघता म्हणाल्या, "मीच काढले. झालं समाधान? तो आपटला नसता तर काहीच झालं नसतं."

"तो आपटेल म्हणूनच काढलेस."

बाईंनी पदराशी चाळा करावा तशी शालीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "हो," त्या म्हणाल्या.

ग्रिसेल्दाने त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. आता त्या रविवारी येऊन खेळतात, पण त्यांच्या हातात फक्त रिमोट मिळतो. मला त्यांच्या हाती ग्रिसेल्दा देत नाही. बाई मधूनच माझ्याकडे बघतात आणि त्यांची दोन बोटं आपोआप दुमडतात. मला त्या हातांची आठवण येते, हे मी नाकारत नाही. पण मी ग्रिसेल्दाच्या मांडीवर घट्ट बसून राहते.

तर मित्रांनो, थोडक्या पैशांत माझ्यासारखी एखादी घ्यायला बाजारात जाल तेव्हा दिव्यांना भुलू नका. उलटी करा, उघडा, दांडी कानाशी फिरवून ऐका, दुकानदार कितीही चिडला तरी. आणि घरी आणलीत की तुमचं भांडण तुम्ही तोंडाने भांडा. माझ्या अंगावर भांडू नका. माझा कोपरा सरसाने चिकटतो. ग्रिसेल्दाने सोडलेल्या त्या घरात आज एक बाई, एक बंद खोली आणि गळ्यातली एक किल्ली आहे, आणि दूध संपलंय हे सांगायलाही तिथे कुणी नाही.